वाघाच्या वाट्याची खीर

"वाघबारस म्हणजे आमची वसुबारसच ना?" पुण्यात दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. यंदा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तिथी एकच, आश्विन वद्य द्वादशी. तुमच्याकडे त्या दिवशी गाय-वासराची पूजा. आमच्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-रतनगडाखालच्या महादेव कोळी गावांत मात्र ती गाय ज्याच्या तोंडी पडू नये, त्याची.

देऊळ म्हणावं असं काही नसतं. शिवेवर एक दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराचे थर. गुराखी पोरं घरोघर तांदूळ, गूळ, दूध मागतात आणि रानात चूल मांडून खीर शिजवतात. नारळ फुटतो, कुणाचा नवस असला तर कोंबडं.

मग खरी गंमत. एका पोराला वाघ करायचं, दुसऱ्याला अस्वल, तिसऱ्याला कोल्हा. बाकीचे दरडावतात, "आमच्या शिवारात येशील का?" वाघानं "नाही येणार" म्हणायचं, तरी त्याला पिटाळायचंच. मी दोनदा वाघ झालो. पोरगं काटक आहे म्हणून, असं आजा सांगायचा. खरं कारण मी हळू पळायचो, ढेकळं नेमकी लागायची.

याला कुणी 'निसर्गपूजा' म्हटलं की मला हसू येतं. हा रोखठोक व्यवहार आहे: शेंदूर घे, खीर घे, गोठ्याकडे फिरकू नको. 'दिन दिन दिवाळी' तुम्हीही म्हटलं असेल. खोबऱ्याची वाटी मागून वाघाच्या पाठीत काठी घालणारा तो गुराखीच, फ्लॅटपर्यंत पोचलेला.

पट्टेरी वाघ आता आमच्याकडे नाही. बिबट्या आहे, त्यालाही आम्ही वाघच म्हणतो. तोही खाली उतरला. जुन्नर-संगमनेरच्या उसात त्याची पिल्लं जन्मतात. फडाच्या बांधावर वाघोबाचा दगड मी कधी पाहिला नाही; तिथं लोक वनखात्याकडे पिंजरा मागतात. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना काय बोलणार?

आमच्याकडे गुरं कमी झाली, गुराखी आश्रमशाळेत गेले. बारस दिवाळीच्या सुट्टीला लागून येते, म्हणून पोरं जमतात तरी. गेल्या वर्षी भाच्याला वाघ केलं. पळून, दमून तो परत येईपर्यंत पातेल्यात फक्त खरवड उरली होती. माझ्याकडे तक्रार घेऊन आला. म्हटलं, माझीही तीच होती.