तुलांबेन: जुनं जहाज, लाव्हाची भिंत आणि ८० बार

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेनला आम्ही बहीण-भाऊ स्कूबा डाइव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला, चार दिवस राहिलो. दोघांकडे अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे, दोघांच्या चाळीसेक डाइव्ह झालेल्या. पाणी २८ अंश, नितळ, प्रवाह जवळजवळ नाहीच. डाइव्ह किनाऱ्यावरूनच चालत जाऊन करायची, बोटीची गडबड नाही. अशा ठिकाणी फार आखणी करायची गरज काय, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. ते चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं तेच आधी सांगतो.

पहिली डाइव्ह ड्रॉप-ऑफला होती. काळ्या लाव्हाची उभी भिंत, तिच्यावर स्पंज आणि मऊ प्रवाळ दाटलेले. आमचं २२ मीटर ठरलं होतं. तीसेक मीटरवर एक मोठा समुद्रपंखा (पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ) आहे. तो वरूनच दिसला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने बहिणीने टाकीवर टकटक केलं आणि स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवलं. माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर २९ मीटर होते आणि नो-डेकोची, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागणार नाहीत अशी, ७ मिनिटं उरली होती. आम्ही सावकाश वर सरकलो, नीट बाहेर आलो. किनाऱ्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, २२ ठरलं होतं ना?"

उबदार, स्वच्छ पाण्यात खोली जाणवत नाही. थंडी वाजत नाही, उजेड भरपूर असतो, भिंतीला तळ दिसत नाही. शिवाय खाली जाल तसा वेटसूट दाबाने आक्रसतो, त्याची तरंगण्याची ताकद कमी होते आणि तुम्ही आणखी सहज खाली जाता. आणि हे ७ मीटर किरकोळ नव्हेत. माझ्याकडच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला २२ मीटरवर नो-डेकोची ३७ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०.

त्या रात्री आम्ही वही काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथल्याच बुडालेल्या लिबर्टी जहाजावर जायचं होतं आणि तिथली कमाल खोली २५ मीटर धरली. तिथे दाब पृष्ठभागाच्या साडेतीनपट. मला पृष्ठभागावर मिनिटाला साधारण १८ लिटर हवा लागते, म्हणजे २५ मीटरवर ६३. पण खरा प्रश्न हा नाही. एकाची हवा तळाशी संपली आणि दोघांना एकाच टाकीवर वर यावं लागलं, तर किती हवा लागेल? घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरलं, दोघांचे ६०. सावरायला १ मिनिट: २१० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या गतीने वर यायला जवळजवळ ३ मिनिटं, सरासरी सव्वादोनपट दाबाने: ४०५. पाच मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे शरीरातला जास्तीचा नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घेतलेला थांबा: २७०. बेरीज ८८५ लिटर. आमची टाकी ११ लिटरची, आणि टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात. ८८५ भागिले ११, म्हणजे सुमारे ८० बार.

"५० बार उरले की वर या" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २५ मीटरवर ५० बार बघून वर निघालात, तर तुमच्या एकट्यापुरती हवा असेल, जोडीदारासाठी नाही. आम्ही ८० बारला खोल भाग सोडायचा ठरवलं. आणि दोघांपैकी ज्याचा काटा आधी तिथे येईल त्याच्यावर, दुसऱ्याकडे कितीही हवा असली तरी. तुम्हीही स्वतःच्या श्वासाचा आकडा काढून हा हिशोब मांडा, आमचा उचलू नका.

नावामुळे लिबर्टी हे दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी वर्गातलं जहाज वाटतं, पण हे मालवाहू जहाज १९१८ चं. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. उत्तर बालीतल्या सिंगराजा बंदराकडे ओढून नेताना पाणी भरत चाललं, म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्याला लावलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून जेमतेम ३० मीटरवर, ५ ते ३० मीटर खोलीत आडवं आहे. लांबी सुमारे १२० मीटर, आणि लोखंड जवळपास सगळं प्रवाळाखाली झाकलेलं.

आम्ही सहाच्या आत पाण्यात होतो. दक्षिण बालीतून येणाऱ्या गाड्या नऊनंतर पोचतात आणि मग जहाजावर गर्दी होते, हे एक कारण. दुसरं कारण बंपहेड पॅरटफिश. कपाळावर टेंगूळ असलेले हे हिरवट मासे सव्वा मीटरपर्यंत वाढतात. रात्री जहाजात झोपतात आणि उजाडलं की निघून जातात. आम्हाला अकरा दिसले. ओळीने आमच्या डोक्यावरून गेले. मी श्वास रोखून बघणार होतो, पण डायव्हरने श्वास रोखायचा नसतो, हे तेवढ्यातही आठवलं.

सर्वांत खोल डाइव्ह दिवसाची पहिली ठेवा. आम्ही आधी वाळूच्या बाजूने २५ मीटरपर्यंत गेलो, मग जहाजाच्या कलाने वर सरकत आलो. सेफ्टी स्टॉप जहाजाच्या माथ्याजवळच होतो, त्यामुळे ती ३ मिनिटं अँथियास नावाचे छोटे रंगीत मासे बघण्यात जातात. आत शिरू नका. लोखंड जुनं आहे आणि बाहेरून सगळं दिसतं.

किनारा वाळूचा नाही, गोल गुळगुळीत गोट्यांचा आहे. टाकी पाठीवर घेऊन त्यावर तोल जातो. जाड तळव्याचे बूट हवेत. रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) तोंडात, मास्क डोळ्यांवर आणि फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) हातात ठेवून कमरेएवढ्या पाण्यात जा, तिथे फिन चढवा. लाटा असतील तर दोन लाटांमधली उसंत बघून एका दमात आत. पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, हेच सगळ्यांत त्रासाचं होतं. एप्रिल ते ऑक्टोबर बरा. गावातल्या बायका डोक्यावरून टाक्या किनाऱ्यावर आणून देतात, त्यांच्यासाठी वाट सोडा.

खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिशाचं वजन पहिल्याच दिवशी तपासा. ३ मिलिमीटरचा सूट असेल तर जवळपास ५० बार उरलेल्या टाकीसह, तरंगण्याच्या जॅकेटमधली हवा काढून, नेहमीसारखा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होताना सुमारे दोन किलोने हलकी होते. भरलेल्या टाकीने तपासलंत, तर शेवटी पाच मीटरवर थांबणं कठीण जातं. आम्हाला तिथे दोन जण धडपडताना दिसले आणि त्यांच्या फिनखाली प्रवाळाच्या फांद्या मोडल्या. ते बघून मला वाईट वाटलं.

टायटन ट्रिगरफिश हा मोठा मासा घरट्याजवळ अंगावर येतो. त्याचं क्षेत्र घरट्यापासून वर रुंद होत जातं, म्हणून वर पळू नका, आडवे सरका.

परतीचा रस्ता आधीच ठरवा. डाइव्ह केलेल्या दिवशी डोंगरातल्या किंतामणीवरून जाऊ नका, तो भाग सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. अमलापुरावरून खालच्या रस्त्याने जा. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास थांबायचं असतं. आम्ही पूर्ण दिवस कोरडा ठेवला आणि त्या दिवशी काठावर बसून वहीत सगळ्या डाइव्हची खोली, मिनिटं आणि उरलेले बार लिहून काढले. पहिल्या ओळीत २२ खोडून २९ लिहिलं.