सेल्फ चेकआउटवर रोख भरताना पैसे नेमके कुठे चुकतात

बिल ७.३५ पौंड. यंत्रात वीसची नोट घातली, म्हणजे १२.६५ परत यायला हवेत. खालच्या वाटीत खळखळत नाणी पडतात: दोन पौंडांचं एक, पन्नास पेन्सचं एक, दहाचं एक, पाचचं एक. गिऱ्हाईक ती गोळा करतं, पिशवी उचलतं आणि चालू लागतं. दहाची नोट मात्र दुसऱ्याच फटीतून अर्धी बाहेर येऊन थांबलेली असते. तिथला दिवा लुकलुकत असतो, पण नाण्यांचा आवाज ऐकून माणसाने मनातल्या मनात व्यवहार संपवलेला असतो.

ब्रिटनमधल्या एका सुपरमार्केटमध्ये मी सेल्फ चेकआउटची यंत्रं सांभाळते, म्हणजे गिऱ्हाईक जिथे स्वतःच माल स्कॅन करून पैसे भरतं ती. "यंत्राने पैसे कमी दिले" या तक्रारीचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा ही विसरलेली नोटच सापडते. मागचा माणूस प्रामाणिक असला तर ती आमच्याकडे येते, नाहीतर गेली. दुसऱ्याची राहिलेली नोट खिशात घालणं ही इथे कायद्याने चोरीच ठरू शकते, हेही सांगून ठेवते.

मोजणीच्या बाबतीत यंत्र काटेकोर आहे, आणि त्याला कारण आहे. नाणं आत गेलं की ते तारेच्या वेटोळ्यांजवळून सरकतं आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र किती बदललं यावरून धातू, व्यास आणि जाडी ताडली जाते. एक पौंडाचं बाराकोनी नाणं ८.७५ ग्रॅमचं आणि एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत २३.४३ मिलिमीटर. दोन पौंडांचं १२ ग्रॅम, २८.४ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं दुरंगी नाणं हातात घेतलं तर घाईत दोन पौंडांचं वाटू शकतं, पण ते २७ मिलिमीटरचं आणि आठ ग्रॅमलाही पोचत नाही. आपला डोळा फसेल, यंत्र ते बाहेर टाकतं. शंका आली तर अंदाज बांधायचा नाही, नाणं परत करायचं, अशीच त्याची रचना आहे. म्हणून पन्नासच्या जागी वीस मोजले, असं जवळपास होत नाही. होतं ते असं की पाच नाणी टाकली, त्यातली चार घेतली गेली आणि पाचवं परतीच्या वाटीत गुपचूप पडून राहिलं. टाकणाऱ्याच्या हिशेबात मात्र पाचही गेलेली असतात.

त्यामुळे चिल्लर भरायची असेल तर मी सांगते ती पद्धत वापरा. स्कॅनिंग सुरू करण्याआधी वर पाहा. "फक्त कार्ड" अशी पाटी किंवा संदेश असेल तर ते यंत्र सोडा, बहुधा त्यातले सुट्टे संपलेले असतात किंवा पेटी भरलेली असते. सगळा माल स्कॅन झाल्यावर पैसे भरण्याच्या पडद्यावर रोखीचा पर्याय निवडा. आधी नाणी, मग नोटा. नाणी मूठभर ओतू नका. काही यंत्रांना पसरट तोंड असतं आणि ती ढीग घेतातही, पण एकावर एक चढलेली नाणी अडकतात किंवा परत फेकली जातात. एकेक टाका, आणि दर तीन-चार नाण्यांनंतर पडद्यावर बाकी किती उरली ते बघा. आकडा हलला नाही तर पुढचं नाणं टाकू नका, आधी वाटीत हात घाला. परत आलेलं नाणं पुसून पुन्हा टाकलं की बरेचदा चालतं. चिकट झालेलं, वाकलेलं किंवा ज्यावर टेपचा डिंक राहिला आहे असं नाणं तिसऱ्यांदा टाकू नये. ते मधेच अडकलं तर तुमच्यासकट मागची रांगही अडकते.

अडकणं ही खरी गडबडीची जागा आहे. नाण्याची नोंद सेन्सरपाशी होते, तोंडापाशी नाही. तोंडातून आत गेलं आणि सेन्सरच्या आधीच थबकलं, तर यंत्राच्या लेखी ते आलेलंच नसतं. अशा वेळी यंत्र बडवू नका आणि व्यवहार रद्द तर अजिबात करू नका. मदतीचं बटण दाबा. आम्ही किल्लीने दार उघडतो, मार्ग मोकळा करतो आणि नाणं तुमच्या देखत बाहेर येतं. व्यवहार पडद्यावर उघडा असेपर्यंत हे दोन मिनिटांचं काम आहे.

नोटांचं तंत्र वेगळं. इथल्या चारही नोटा आता प्लास्टिकच्या आहेत: पाचची २०१६ पासून, दहाची २०१७, वीसची २०२०, पन्नासची २०२१. कोऱ्या नोटा एकमेकींना इतक्या चिकटतात की दोन एकदम आत जातात. यंत्राला जाडी कळते, ते दोन्ही परत देतं. आपण दोन दिल्या की एक, हे बोटांनी चोळून आधीच पाहिलेलं बरं. घडी पडलेली प्लास्टिकची नोट कागदासारखी सरळ होत नाही. घडी उलट बाजूला दुमडून काउंटरच्या कडेवर ओढली की पुरेशी सपाट होते. राजे चार्ल्स यांचं चित्र असलेल्या नोटा ५ जून २०२४ पासून चलनात आल्या. नवी नोट आली की प्रत्येक यंत्राला तिची ओळख सॉफ्टवेअरमधून करून द्यावी लागते. ज्या यंत्रात ती राहून गेली, ते खरी नोटही नाकारतं. यंत्राने परत केली म्हणून नोट खोटी ठरत नाही.

पुण्या-मुंबईहून मुलांकडे येणारे आई-बाबा मागच्या खेपेच्या कागदी नोटा जपून आणतात, आणि ते यंत्रासमोर गोंधळून उभे राहिले की मला फार वाईट वाटतं. कागदी वीस आणि पन्नास ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. पैसे बुडालेले नाहीत, बँक ऑफ इंग्लंड त्या कधीही बदलून देते. तसंच २०१७ च्या १५ ऑक्टोबरपर्यंत चाललेलं गोल पौंडाचं नाणं: दुकानात बाद, पण बहुतेक बँकांत स्वतःच्या खात्यावर भरता येतं.

यंत्र देताना कधीच चुकत नाही, असं मी म्हणणार नाही. काही यंत्रं गिऱ्हाइकाने भरलेलाच पैसा ओळखून पुढच्याला देतात, तिथे चूक फार दुर्मीळ. पण ज्यांत नोटांचे कप्पे माणसाने भरायचे असतात, तिथे पाचच्या कप्प्यात दहाच्या नोटा बसल्या तर यंत्र निष्ठेने तीच चूक दर व्यवहारात करत राहतं. त्याच्या हिशेबात ते पाचच देत असतं. याउलट, पाचच्या नोटा संपल्या असतील तर पाच पौंड नाण्यांत येतात, पंधरा परत द्यायचे असतील तर तीन पाचच्या नोटाही येतात. वाटी जड लागली म्हणून जास्त आले असं नाही, हलकी लागली म्हणून कमी आले असंही नाही. मोजूनच कळतं.

मोजायचं तिथेच, यंत्रापुढून हलण्याआधी: आधी नोटांची फट, मग वाटी. पावती छापण्याचा पर्याय आला तर रोखीत नेहमी "हो" म्हणा. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, व्यवहार क्रमांक, वेळ, दिलेली रक्कम आणि परत केलेली रक्कम असते. कमी वाटले तर तिथल्या तिथे हाक मारा. आम्ही यंत्राची नोंद उघडतो: कुठली नोट किती वाजता आत आली, किती वाजता कोणती बाहेर गेली, सगळं क्रमाने असतं. त्यातून निकाल लागला नाही तर रोकड मोजताना कळतं. त्या यंत्रात हिशेबापेक्षा नेमके दहा पौंड जास्त निघाले आणि तुमची तक्रारही दहाचीच असली, तर पैसे परत मिळतात. म्हणून घरी पोचल्यावर लक्षात आलं तरी फोन करा, आणि सुरुवातच यंत्राचा क्रमांक, व्यवहार क्रमांक आणि वेळ सांगून करा. "काल संध्याकाळी कधीतरी, डावीकडच्या यंत्रावर" एवढ्यावर मला काही शोधता येत नाही.