दुधाच्या खाड्यांशेजारी गोळ्या

मे महिन्यात घरी आले आणि ओटीवर टेकते न टेकते तोच आत्याने माझं मनगट हातात घेतलं. "बघू गो. प्लेट घातल्येय म्हणे. दुखत असेल." मी नाही म्हणेपर्यंत तिने पानाच्या डब्याच्या खालच्या खणातून एक गोळी काढली. स्ट्रिपचा कापलेला तुकडा होता तो. नाव कात्रीत गेलेलं, एक्स्पायरी दुसऱ्या कुणाच्या तुकड्यावर गेलेली. "कमरेची आहे, पण हातालाही चालते," आत्या म्हणाली.

हसू आलं, आणि जानेवारीतली ती नर्सही आठवली.

कोलंबसमध्ये, ओहायोत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी काळ्या बर्फावरून घसरले होते. डांबरावर काचेसारखा थर असतो तो, दिसतच नाही. शेवाळलेल्या पाखाडीची तिकडची बहीणच म्हणा. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी घरीही पाठवलं. पण सोडण्याआधी नर्स समोर बसली. घरात शाळकरी मुलं आहेत का? दारू घेता? झोपेची गोळी? कुटुंबात कुणाला व्यसन? सोयरीक जुळवताना आपल्याकडे विचारतात, तसं सगळं विचारून झालं, आणि मग ऑक्सिकोडोन या अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामकाच्या बारा गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. त्यासुद्धा शेवटचा उपाय म्हणून. आधी ठरल्या वेळी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, हात उशीवर उंच, बर्फाची पिशवी. दुखणं शून्यावर आणायचं नाही, असंही तिने बजावलं. झोप लागली, जेवता आलं, बोटं हलवता आली की पुरे.

दंडात दिलेल्या इंजेक्शनने हात बधिर होता, शेजारी कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. रात्री दोनला तो परत आला, आणि कळा घेऊन आला. त्या रात्री मी ऑक्सिकोडोन घेतली. खोटं कशाला सांगू, अर्ध्या तासाने जे वाटलं ते फार गोड होतं. दुखणं गेलं नव्हतं, पण ते माझं उरलं नव्हतं. लोक यात का अडकतात, हे पुस्तकं वाचून कळलं नसतं इतकं त्या रात्री कळलं. (तिसऱ्या दिवशी पोट गच्च. इंडियन स्टोअरमधलं इसबगोल कामी आलं.)

एवढी सावधगिरी तिकडे उगाच आलेली नाही. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेमतेम पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूच्या जातीची औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागलं, असं त्यात होतं. रुग्णालयातल्या देखरेखीखालचा तो आकडा पुढे घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांनाही लावला गेला. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनच, बाजारात आलं, आणि कंबर, गुडघा, दाढ, सगळ्याला त्याच जातीच्या गोळ्या मिळू लागल्या. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचं कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केलं, तोवर गावंच्या गावं बुडाली होती. आमच्यापासून दोन तासांवर, नदीकाठी पोर्ट्समथ नावाचं गाव आहे. तिथे एके काळी रोख पैसे घेऊन गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहून देणारे दवाखाने होते. पुढे चिठ्ठ्या आवळल्या तसे लोक हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ नंतर चोरट्या बाजारात फेंटानिल आलं, मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दर वर्षी एक लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच औषधांनी. आपला अख्खा गुहागर तालुका सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे बघा. २०२४ मध्ये आकडा बराच खाली आला, पण खाली म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात.

माणूस मरतो तो श्वास थांबून. हे औषध दुखणं दाबतं तसं मेंदूतलं श्वासाचं केंद्रही दाबतं, आणि वर दारू किंवा झोपेची गोळी पडली की ते आणखी मंदावतं. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर आग विझवायच्या नळकांड्याशेजारी नालोक्सोनचा डबा आहे. नाकात फवारला की थांबत चाललेला श्वास परत येऊ शकतो. २०२३ पासून तो फवारा चिठ्ठीशिवायही मिळतो.

बारातल्या पाच गोळ्या मी खाल्ल्या. उरलेल्या सात पाहून आमच्या ह्यांच्यातला कोकणी माणूस जागा झाला. "राहू देत की, कधी दाढ दुखली तर." पण कपाटात 'राहू दिलेल्या' गोळ्याच घरातल्या पोराच्या नाहीतर पाहुण्याच्या हाती लागतात. पोलिस ठाण्याच्या दारात टपालपेटीसारखी पेटी असते, तिच्यात सातही टाकून आले.

हे सगळं सांगताना मला भाऊकाका आठवतात. त्यांचा शेवटचा पावसाळा. कर्करोग मणक्यात उतरलेला, रात्रभर कण्हणं पडवीपर्यंत ऐकू यायचं. मॉर्फिनच्या गोळ्या जवळपास कुठेच मिळाल्या नाहीत. चुलतभाऊ एसटीने मुंबई गाठून घेऊन आला, तर घरातलेच म्हणाले, "अफू ती, सवय लागेल." सवय लागायला काकांकडे किती दिवस होते? आपल्या देशात नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफूचे कारखाने आहेत, मध्य प्रदेश-राजस्थानात परवान्याने अफू पिकते आणि बाहेर जाते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कडक कायद्यामुळे दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच धजावेनात, म्हणून २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती करून वाट थोडी मोकळी केली. आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे कुणी असं अंथरुणाला खिळलेलं असेल, तर डॉक्टरांना 'पॅलिएटिव्ह केअर' (दुखणं हलकं करणारी सेवा) हा शब्द उच्चारून विचारा. न लाजता विचारा.

आता आत्या. तिचा डबा मी ओटीवर पालथा केला. चिपळूणच्या डॉक्टरांची एक गोळी, मेडिकलवाल्याने "कमरेला द्या" म्हटल्यावर दिलेली दुसरी, आणि कुणीतरी आणून दिलेली कागदी पुडी, तिच्यात काय ते देवच जाणे. पहिल्या दोन्हींत पॅरासिटामॉल होतंच, शिवाय डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जातीचं औषधही. वर मीच गेल्या वर्षी अमेरिकेहून आणलेली बाटली! तिच्यावर ॲसिटामिनोफेन लिहिलंय, म्हणजे तेही पॅरासिटामॉलच. आपल्या डब्यात अफूच्या जातीचं काही नाही म्हणून सगळं निर्धोक, असं नसतं. जादा पॅरासिटामॉल यकृत खातं, डायक्लोफिनॅक पोटाला आणि मूत्रपिंडाला गाठतं, आणि आत्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे.

मूत्रपिंड म्हटल्यावर ती ढिम्म हलली नाही. मग मी गिधाडं काढली. "आत्या, माडांवर गिधाडं बसायची, ती कुठे गेली?" मेलेल्या गुरांच्या अंगातलं डायक्लोफिनॅक पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ साली गुरांसाठी ते बंद केलं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला थोडी जपून ठेवलीत. आत्या बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. "आणि मी रोज दोन खात्येय होय गो?"

दुसऱ्या दिवशी डब्यासकट तिला तालुक्याला नेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोन गोळ्या बंद केल्या, पुडी फेकायला सांगितली, गुडघ्यांचे व्यायाम दाखवले आणि उरलेली एकच गोळी कधी, किती ते लिहून दिलं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढलं. दुधाचे खाडे लिहायच्या चौकोनातच गोळीची वेळ लिहायची, असं ठरलं. परवा व्हिडिओ कॉलवर तिने ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. काही चौकोनांत 'रात्री १' होतं, बुधवारी आणि शुक्रवारी 'खाडा'.

"दूध आलं नाही का गो?" मी विचारलं.

"दूध आलं. गोळीचा खाडा तो."