रोबो व्हॅक्यूमच्या चाकांची रबरं बदलली: काम कुठवर आलं

चाकाचं रबर झिजलं की रोबो घसरायला लागतो, उंबऱ्यावर अडतो, सतरंजीच्या कडेला जागच्या जागी चाकं फिरवत बसतो. ही लक्षणं तुमच्याही मशीनमध्ये दिसली असतील. मी हे काम हातात घेतलं ते वेगळ्याच कारणाने. ॲपमधल्या नकाशात आमचा हॉल लांबायला लागला होता.

माझं मशीन बिनलायडारचं (लायडार म्हणजे लेझरने भिंतींचं अंतर मोजणारा सेन्सर), जायरोवाल्या पिढीतलं. किती वळलो ते जायरो सांगतो. किती पुढे गेलो ते मात्र चाकाच्या फेऱ्यांवरून काढावं लागतं. एन्कोडरने फेऱ्या मोजायच्या आणि आधीपासून भरलेल्या घेराने गुणायचं, एवढाच हिशोब. रबर झिजून घेर कमी झाला तरी मशीन जुन्याच आकड्याने गुणत राहतं. घसरल्यावरही तेच होतं: चाक फिरलं, मशीन हललं नाही, पण हिशोबात अंतर जमा झालं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, म्हणून नकाशातली खोली खऱ्यापेक्षा मोठी दिसते. लायडारवाली मशीनं भिंती बघून स्वतःला सावरतात, तरी त्यांचाही पहिला अंदाज चाकांवरूनच येतो.

शनिवार: उघडणं आणि मोजणं

आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. हे कधीही टाळू नका. लिथियम पॅक जागेवर असताना आत लोखंडी स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा नाही. तळाचं झाकण स्टार स्क्रूंवर आहे आणि सगळे स्क्रू एका लांबीचे नाहीत, म्हणून कागदावर मशीनचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवला. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर प्लास्टिक फाटतं.

चाकाचं मॉड्यूल (चाक, मोटर आणि गिअर यांचा एकत्र सुटणारा भाग) बाहेर काढताना स्प्रिंगकडे लक्ष ठेवा. ही स्प्रिंग चाक खाली दाबून धरते आणि मशीन उचललं की चाक लोंबतं. ते लोंबणं ओळखायला शेजारी एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्याची पाती वाकली तर मशीन जमिनीवर असूनही ‘मला खाली ठेवा’ म्हणत राहील.

आसाभोवती केस आणि दोरे घट्ट गुंडाळले होते. ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढले. चाकाला जड जात असेल तर रबर बदलण्याआधी हे करून बघा. कधीकधी दोष रबराचा नसतोच.

मग शिंप्याच्या टेपने घेर मोजले. डावं चाक २१४ मिमी, उजवं २१६. नवीन रबराचा घेर २२०, म्हणजे व्यास ७० मिमी. २१४ आणि २२० मधला फरक पावणेतीन टक्के येतो. ४ मीटरच्या हॉलमागे जवळपास ११ सेंमीची चूक, घसरण धरलीच नाही. डाव्या-उजव्यातल्या २ मिमीचा परिणाम मला जास्त बोलका वाटला. दोन चाकांमधलं अंतर २३० मिमी आहे. एक मीटर चालीत एक चाक साधारण ९ मिमी मागे पडतं, म्हणजे मशीन सव्वादोन अंशांनी वळतं. जायरो ते सावरतो, पण त्याला दर मीटरला हे काम का द्यायचं? म्हणून एकच चाक जास्त झिजलेलं दिसलं तरी रबरं जोडीनेच बदला.

रविवार: जुनं उतरवलं, नवं चढवलं

काही मशीनमध्ये रबर रिमवरच ओतलेलं असतं. तिथे सरळ पूर्ण मॉड्यूल घ्यावं, असं माझं मत. माझ्याकडे ते वेगळं कडं आहे आणि आतल्या बाजूचे दात रिमच्या खाचांत बसतात. हेअर ड्रायरने गरम केलं, चपट्या चमच्याचा दांडा खाली सरकवला आणि कडं सुटलं. रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. आमच्या रोबोची रोजची फेरी स्वयंपाकघरातून जाते. फोडणीच्या तेलाचा थर फरशीवर बसतो आणि नैसर्गिक रबराला तेल मानवत नाही, ते फुगतं आणि सैल होतं. नायट्राइल रबर तेलाला बरंच टिकतं. नवीन कडं घेताना ते कशाचं आहे हे विचारून घ्या.

नवीन कडी कोमट पाण्यात ठेवून मऊ केली, साबणाच्या पाण्याने ओली करून चढवली आणि पूर्ण वाळू दिली. इथे खोबरेल किंवा कुठलंही तेल वापरू नका, कारण वर सांगितलंच.

गोंद मुद्दाम लावला नाही. त्याऐवजी पांढऱ्या पेनाने रिम आणि रबर दोन्हींवरून एक सलग रेघ मारली. मशीन चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर रिमवर सरकतंय, मगच गोंदाचा विचार. लावायचाच झाला तर फेविक्विकसारखा झटपट गोंद नको. तो वाळून काचेसारखा ठिसूळ होतो आणि लवचिक रबराखाली तडकतो. रबरी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह बरा, पण त्यातलं टोल्युइन एबीएस प्लास्टिकला मऊ करतं, म्हणून अगदी पातळ थर आणि आधी कोपऱ्यात चाचणी.

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून जुन्या रिमवर बसवून पाहिली. कोरड्या, पुसलेल्या टाइलवर पकड छान आहे. धुळीत मात्र पकड जाते, कारण गुळगुळीत पट्टीला खाचा नाहीत. खाचांत धूळ जाते आणि त्यांच्या कडा उंबऱ्याच्या धारेत अडकून मशीनला वर घेतात. घाईची सोय म्हणून ट्यूब ठीक, कायमची नाही.

चाचणी

जुना नकाशा पुसून नवीन फेरी मारू दिली. आमच्या टाइल्स ६०० मिमीच्या आहेत, त्यामुळे सांधे मोजून हॉलची खरी लांबी काढणं सोपं गेलं. नकाशातला हॉल आता त्याच्याशी जुळतोय. गॅलरीची १५ मिमीची संगमरवरी पट्टी मशीन सरळ समोरून गेलं तर पहिल्याच धक्क्यात चढतं. तिरपं गेलं तर अजूनही एक चाक आधी चढतं आणि दुसरं फिरत राहतं. पांढरी रेघ दोन्ही चाकांवर सलग आहे.

डाव्या मॉड्यूलच्या बिजागरीतून मात्र बारीक कुरकुर येते. तिथे सिलिकॉन ग्रीस लावून बघणार आहे. टीपीयूची (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) कडी थ्रीडी प्रिंट करायचंही डोक्यात आहे. नेहमी मिळणारं ९५ए टीपीयू पकडीसाठी फार कडक, त्यामुळे ८५ए चा स्पूल शोधतोय (हा कडकपणाचा आकडा, जितका कमी तितकं मऊ). कुणी ८५ए या मापात छापलं असेल तर खाचांची खोली किती ठेवली ते सांगा.