बाबांची पद्मिनी, जिप्सीच्या पायांवर

मारुती जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,३७५ मिलिमीटर. प्रीमियर पद्मिनीचा २,३४०. फरक ३५ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या दोन बोटांएवढा. तीन वर्षांपूर्वी एका रात्री हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मग झोपच लागली नाही: पद्मिनीची बॉडी जिप्सीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसू शकत होती.

पद्मिनी बाबांची. बाबा गेल्यावर ती नागपूरजवळ, काटोल रोडकडच्या आमच्या शेतात कडुलिंबाखाली उभी राहिली, ती अकरा वर्षं. उंदरांनी वायरिंग खाल्लं, १,०८९ सीसीचं इंजिन जाम झालं आणि फ्लोअर इतका गंजला की ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की पायाखाली गवत दिसायचं. तिला पुन्हा होती तशी उभी करायचा विचार दोनदा केला, दोनदा सोडला. शेवटी ती उभी झाली ती शेताच्या गरजेपायी.

शेत आठ एकर, सगळा संत्र्याचा बगीचा, आणि मधून नाला गेलेला. नाल्यापलीकडे अडीच एकर. पावसाळ्यात झाडांना डिंक्या लागतो, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग. बुंध्यांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, फवारणी करायची, म्हणजे टाकी आणि माणसं घेऊन पलीकडे जावंच लागतं. ट्रॅक्टर जातो, पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या चाकोऱ्या अशा पडतात की दिवाळीपर्यंत त्यात पाणी साचून राहतं, आणि झाडाच्या मुळांशी साचलेलं पाणी हेच तर डिंक्याचं मूळ. शिवाय आई. गुडघ्यांमुळे तिला ट्रॅक्टरवर चढता येत नाही. पलीकडची झाडं बाबांनी आणि तिने मिळून लावलेली, आणि भर पावसाळ्यात ती तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. म्हणून हवी होती हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी.

मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन उघडणं, जोडणं माझं रोजचं काम. तरी गाडी म्हटल्यावर मी चाचांकडे गेले. बाबांच्या पद्मिनीचं टिंकरिंग, म्हणजे पत्र्याचं काम, त्यांनीच केलेलं. आता वय सत्तरच्या पुढे, पण हात अजून स्थिर. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबाच्या गाडीले ग्राइंडर लावशील का तू?" मला उत्तर सुचेना. आईच बोलली, "उभ्या उभ्या सडण्यापेक्षा चाललेली बरी. पण त्यायची बसायची शीट मात्र कापू नको."

एक गोष्ट इथेच सांगते, कारण फोटो पाहून लोक विचारतात. तुमची पद्मिनी चालू अवस्थेत असेल, तिचा फ्लोअर शाबूत असेल, तर तिला हात लावू नका. तिला पेट्रोल घाला आणि फिरवा. कापायची ती फक्त जिचा तळ गेलाच आहे ती.

चेसिस कामठी रोडवर एका भंगारवाल्याकडे मिळाली. जिप्सी किंग, १,२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल घेणारं. गाडी उलटलेली, बॉडीचा चेंदामेंदा, पण खालचं सगळं जागेवर: दोन्ही अ‍ॅक्सल, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याच्यापासून सुटा, छोट्या शाफ्टने जोडलेला ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. उलटलेल्या गाडीची चेसिस डोळ्यांना सरळ दिसते, त्यावर जाऊ नये. चाचांनी ती तिथल्याच शेडमध्ये चार ठोकळ्यांवर समपातळीत घेतली. बॉडी बसायच्या एकेका भोकातून ओळंबा सोडला आणि जिथे टोक टेकेल तिथे फरशीवर खडूने ठिपका दिला. मग आम्ही चेसिस ढकलून बाजूला केली. फरशीवर उरले नुसते ठिपके. पुढच्या डाव्या ठिपक्यापासून मागच्या उजव्यापर्यंत दोरी ताणली, मग दुसरा कर्ण. दोन्हींत फरक ४ मिलिमीटर. चाचांनी खडू खिशात टाकला. "ले ले, सीधी है."

खरी अडचण व्हीलबेसची नव्हतीच. पुढची चाकं कमानीच्या मधोमध घेतली आणि ते ३५ मिलिमीटर मागच्या कमानीत ढकलले. तिथला पत्रा तसाही कापायचाच होता. अडचण त्याहून खोलवर होती, आणि ती मला चाचांनी समजावली तेव्हा मी नीट ऐकलं नाही.

जिप्सीला शिडीसारखी चेसिस असते. सगळा भार ती घेते, बॉडी वर नुसती बसलेली. पद्मिनीला वेगळी चेसिसच नाही. सिल (दारांखालची कड), पिलर (छताचे खांब), छत, फ्लोअर हे सगळं मिळून तिचा सांगाडा. चाचा म्हणाले होते, "बेटा, इसका पत्राच इसका हड्डी है." आता शिडी खडबडीत जमिनीवर पिळते. एक चाक वर, दुसरं खड्ड्यात. पाटे जितकं सामावून घेतात तितकं घेतात, उरलेला पीळ चेसिसमध्ये उतरतो. त्या पिळणाऱ्या शिडीवर डब्यासारखी ताठ बॉडी पक्की जखडली तर पीळ जाणार कुठे?

मी ती जखडली. नवा फ्लोअर बसला होता, पाऊस तोंडावर आला होता आणि घाई माझी होती. आठ ब्रॅकेट केले आणि सिलपासून थेट चेसिसला वेल्ड मारले. दिसायला सुरेख बसली. चाचांनी काही न बोलता ड्रायव्हरच्या दाराच्या फटीत दोन रुपयांचं नाणं सरकवलं. सहज आत-बाहेर होत होतं. मग जॅक लावून पुढच्या उजव्या चाकाखाली विटा रचायला घेतल्या. दोन विटांना नाणं घट्ट झालं. तीन विटांना हलेना. चौथी सरकवली तेव्हा आतून "टक्" असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. दार उघडेना. काचेच्या पिलरच्या बुडाशी, बाबांच्या त्या जुन्या फिक्या निळ्या रंगात, केसाएवढी रेघ उमटली होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं तर बोटाला पत्र्याची धार लागली.

त्या रात्री मी घरी कुणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी अंगणातली खाट दाखवली. खाट कुठेही टाका, एक पाय अधांतरी राहतो आणि मग माणूस त्याखाली खापर सारतो. तिपाईचं तसं नाही. जमीन कशीही असो, तिन्ही पाय टेकतात. बॉडी तीन पायांवर बसवायची, एवढंच. पण तीन पायांवर बसायचं तर बॉडीला स्वतःचा ताठपणा हवा, आणि गंजाने तो अर्धा खाल्लेला. म्हणून आधी ८० बाय ४० च्या बॉक्स पाइपची, ३ मिलिमीटर जाडीची चौकट करून सिलच्या आतून सगळीकडे फिरवली. तिच्यावरून सीमलेस पाइपचा रोल केज उभा केला. गाडी उलटली तर डोकं वाचायला तो लागतोच, पण बॉडीलाही त्यानेच कणा मिळाला. मग ती चौकट चेसिसवर टेकवली: पुढे फायरवॉलखाली (इंजिन आणि माणसांमधल्या पत्र्याखाली) दोन बाजूंना जाड रबरांवर, मागे क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीच्या, मधोमध एका पिनवर. ही पिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, पाट्याच्या डोळ्यातल्या, म्हणजे टोकाच्या गोल भोकातल्या, बुशमधून गेलेली. तिच्याभोवती चेसिस डावी-उजवी पिळू शकते, बॉडी आपली सरळ राहते. फार डुलू नये म्हणून दोन कडांना मऊ रबराचे अडसर.

या कामाला चार महिने गेले. पावसाळा हुकला. पुन्हा विटा रचल्या, पुन्हा तेच नाणं. चार विटा, मग पाच. नाणं फटीत मोकळं. दार बाबांच्या वेळी लागायचं तसं, एका हलक्या धक्क्यात लागलं.

बाकीचं त्या मानाने सोपं गेलं. स्टिअरिंगचा बॉक्स चेसिसवर आणि चाक पद्मिनीच्या जागी, म्हणून मधल्या दांड्याला दोन यू-जॉइंट, म्हणजे वळते सांधे, द्यावे लागले. जिप्सीची चाकं कमानीबाहेर येत होती, त्यावर पत्र्याचे ओठ वळवून लावले. वेल्डिंगच्या आधी दर वेळी बॅटरी सोडायची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्लगही काढायचा. एमपीएफआय गाडीत हे विसरायचंच नाही.

सीटचं मात्र सांगायला हवं. पद्मिनीत गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून पुढे सलग बाक. जिप्सीचा गिअर फ्लोअरमधून वर येतो, तोही बरोबर बाकाच्या मधून. आईला शब्द दिला होता. दोन दिवस मी आणि चाचा फुटपट्टी घेऊन बसलो आणि लिव्हर गरम करून डावीकडे वाकवली, इतकी की बाक कापावा लागला तो फक्त डावीकडचा. ड्रायव्हरची बाजू, जिथे बाबांच्या बसण्याने स्प्रिंग दबलेली आहे, ती तशीच आहे. इतवारीतल्या रेक्झिनवाल्याने कापलेल्या कडेला जुनंच रेक्झिन ओढून शिवलं. दांड्यावरची गिअरची लिव्हर आईच्या कपाटात आहे.

ही गाडी रस्त्यावर येत नाही आणि येणारही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला हा नियम पटतो. माझी जोडणी माझ्या नाल्यात तपासलेली आहे, हायवेवर दुसऱ्याच्या पोरांसमोर नाही. दोन्ही गाड्यांची नोंदणी रद्द करून घेतली आणि चाचांच्या शेडमधून शेतापर्यंत ती टेम्पोतून गेली. वाटेत धर्मकाट्यावर टेम्पो आधी रिकामा आणि मग भरलेला तोलला. गाडी भरली १,०८० किलो. ट्रॅक्टरच्या मानाने हलकी, आणि मातीवर तो फरक दिसतो.

या जुलैत, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर, दादाने फोन केला. "नाल्याले गुडघाभर पाणी आहे. येतं का?" मी सुट्टी टाकली. मागे दोनशे लिटरची टाकी, बोर्डो पेस्टचे डबे. आईला पुढे बसवलं. काठावर थांबून फोर बाय फोर लो टाकलं (चारही चाकांना ताकद, वेग कमी), पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर फक्त ठेवला. पुढची चाकं उतरली, तळाला दगड लागले, डावं चाक अचानक खाली गेलं. खालून चेसिस पिळल्याचं मला पायांत कळलं. वर आईच्या हातातला चहाचा थर्मास हलला, तेवढंच. पलीकडच्या चढावर माती चाकांना पुरणासारखी लगडली, गाडी क्षणभर जागच्या जागी घोंगावली, मग मातीचे गोळे मागे उडाले आणि ती वर आली.

आई उतरली नाही. काच खाली करून झाडं मोजत बसली. ओळीतलं सातवं झाड वाळलंय, म्हणाली, आणि ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढचं उजवं चाक शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढवून ठेवलं होतं. दादाने खिशातून दोन रुपये काढले आणि दाराच्या फटीत सरकवले, बाहेर काढले, पुन्हा सरकवले.

मागच्या पिनच्या बुशमध्ये आता थोडा चिखल शिरलाय. रविवारी चाचांना टेम्पोतून शेतावर आणते आहे. बुशवर रबरी बूट, म्हणजे चिखल अडवणारं आवरण, चढवायचा आहे.