आमची वाटचाल : शेवटच्या टोकाला किती व्होल्ट?

आमचा धंदा वायरिंगचा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि मशीन शॉपच्या गर्दीत आमची एक शेड आहे, तिथं गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे कनेक्टर लावून बांधलेले वायरींचे जुडगे, तयार होतात. सुरुवात वडिलांनी केली, खानापूर रोडच्या ऑटो इलेक्ट्रिक दुकानापासून. वर्षभर सेल्फ आणि डायनॅमोची कामं, आणि गळीत हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या.

हंगामात रात्री निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडे गेलेल्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीचा लाल दिवा लागला तर लागला. ड्रायव्हर बल्ब बदलून बदलून कंटाळायचे. खरा दोष वायरीचा. एक तर बारीक, त्यात जागोजागी पिळून चिकटपट्टी मारलेली, आणि परतीचा करंट हुकाच्या लोखंडातून. त्या हुकावर गंज, रंग आणि चिखल. वडील आधी शेवटच्या दिव्याला मीटर लावायचे, मग बोलायचे. "एवढी वायर कशाला ओ अण्णा?" म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं तरी परतीच्या करंटसाठी स्वतंत्र अर्थची वायर ओढल्याशिवाय त्यांनी ट्रॉली सोडली नाही. धंद्यात आम्ही पुढं जे केलं ते सगळं यातूनच आलं.

दुकानाची शेड झाली, जॉबवर्क मिळू लागलं. मग पुण्याच्या एका निर्यातदाराकडून अमेरिकेच्या मालाचं ड्रॉइंग आलं. तिकडं लोक बसएवढं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरतात आणि मागं आपली कार चारी चाकांवर ओढत नेतात. क्रिम्पिंगला, म्हणजे वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायला, बसणाऱ्या आमच्या येळ्ळूरच्या मावशींनी विचारलं, "घराच्या मागं गाडी बांधायची, मग गाडीत बसायचं कुणी?" कुणीच नाही. मुक्कामाला पोचल्यावर एवढं मोठं धूड बाजारात नेता येत नाही, म्हणून ती कार. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, न्यूट्रलला टाकता येते म्हणून जीप रँग्लरसारख्या गाड्या त्यांच्या आवडीच्या.

अडचण बॅटरीची. ओढताना पुढची चाकं वळली पाहिजेत, म्हणून बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचं लॉक उघडं ठेवायला किल्ली एक टप्पा फिरवून ठेवावी लागते. तेवढ्यानं आतली काही इलेक्ट्रॉनिक्स जागी होतात. वर कारला वेगळी ब्रेक यंत्रणा बसवलेली असते, तीही त्याच बॅटरीवर. इंजिन बंद, म्हणजे डायनॅमो फिरत नाही. दिवसभर ओढून संध्याकाळी सेल्फ मारला की नुसती टिकटिक. काही कंपन्या पुस्तिकेत अमुक फ्यूज काढायला सांगतात, पण रोज उठून फ्यूज कोण काढणार? त्यापेक्षा मोटरहोमकडून कारच्या बॅटरीला चार्जिंगची वायर नेणं सोपं.

ड्रॉइंगमध्ये वायर होती दीड स्क्वेअर एमएमची. मोटरहोमच्या इंजिनपासून मागचा सॉकेट, टो-बार (कार ओढायचा दांडा) आणि कारच्या बॉनेटपर्यंत धरली तर लांबी 15 मीटरच्या घरात जाते. दीडच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण साडेअकरा मिलिओम. 10 अँपिअर वाहिले की 1.7 व्होल्ट वाटेतच गेले. डायनॅमोकडून 14.2 निघाले तर पोचतात साडेबारा, आणि भरलेली बॅटरी स्वतःच 12.6 दाखवते. उतारच नाही तर पाणी वाहणार कसं? त्यात करंट उलटा जाऊ नये म्हणून साधा डायोड टाकला, तर आणखी 0.7 व्होल्ट गेले. 6 स्क्वेअर एमएम घेतली तर वायरीत जाणारे हेच 1.7 व्होल्ट साधारण 0.43 वर येतात.

निर्यातदाराला हे फोनवर पटेना. तांब्याचा भाव त्यालाही ठाऊक. मग शेडमध्ये दोन्ही वायरी पसरल्या, टोकाला लोड लावला आणि मीटरचे फोटो पाठवले. 6 ची वायर मंजूर झाली. अर्थची वायरही तेवढीच जाड, टो-बारवर भरवसा नाही. डायोडऐवजी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकला. मोटरहोमची किल्ली चालू असेल तेव्हाच तो जोडतो, म्हणजे मुक्कामात एका बॅटरीनं दुसरीला खायला नको. फ्यूज मात्र दोन. वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, कुठंही घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येणार. ड्रॉइंगमध्ये एकच होता. सांधे गोंदवाल्या हीट-श्रिंकनं, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीनं, बंद करतो; खानापूर-जांबोटीच्या पावसात उघड्या तांब्याचं काय होतं ते आम्ही बघतोच.

आता इथलेही लोक विचारतात, कॅरव्हॅनमागं थार बांधून गोव्याला जाता येईल का? आपल्या नियमांत बंद पडलेली गाडी किंवा नोंदणी असलेला ट्रेलर ओढायला मुभा आहे, चांगली कार हौसेनं ओढायला नाही. म्हणून ते काम आम्ही घेत नाही. फूड व्हॅन आणि रुग्णवाहिकांच्या दुसऱ्या बॅटरीचं घेतो, गणित तेच.

सध्या नवीन ड्रॉइंग आलंय, डीसी-डीसी चार्जरचं. आलेला व्होल्टेज कमी असला तरी वाढवून तो बॅटरीला 14.4 देतो. लगेच निर्यातदाराचा फोन, "मग आता वायर बारीक चालेल ना?" चार्जर 14.4 व्होल्टला 15 अँपिअर देणार, म्हणजे 216 वॅट. त्याच्याकडे 12 च व्होल्ट पोचले तर तेवढ्यासाठी तो 18 अँपिअर ओढणार, आणि स्वतः खाईल ते वेगळं. करंट वाढला की वाटेतली गळतीही वाढणार. हिशोब करून पाठवला आहे. उत्तर यायचंय, पण नमुन्यासाठी 6 चीच वायर कापायला घेतली आहे.