सव्वीस इंची मोहरी

१९७४ च्या अकरावीच्या निरोप समारंभाचा फोटो या स्मरणिकेसाठी दिला आहे. त्यात कडेला उभ्या असलेल्या एकाही मुलाचे बूट दिसत नाहीत, सगळे बेलबॉटमखाली झाकलेले. नातवंडं हसतात. पण ती पँट बेतणं सोपं नव्हतं. शिंपीकामात हयात गेल्यामुळे मनोगतात तेवढंच सांगतो.

बोलणं सगळं मोहरीचं, म्हणजे पायाच्या तळाच्या घेराचं चाले, २४ इंच की २६. पँट बिघडायची मात्र गुडघ्यात. गुडघा १६-१७ इंच धरून घेर त्याच्या दीड-दोन इंच वरूनच सोडायचा. खालून सोडला की कापड पोटरीला अडकतं. शिवाय वाढ आतल्या आणि बाहेरच्या शिवणीत सारखी वाटून द्यायची. सगळी बाहेर दिली तर पाय फिरतो नि इस्त्रीची घडी आत वळते.

५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) टेरिकॉट दुमडलं की हाती २९ इंच. मोहरी २६, पुढच्या-मागच्या भागाच्या चार कडांना पाऊण-पाऊण इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड), म्हणजे ३. संपलं कापड! गिऱ्हाईक २८ वर अडून बसलं तर एक भाग उलटा बसवावा लागे, आणि चमकदार कापडात दोन छटा उठून दिसत.

तळाची दीड इंच दुमड घेराच्या रेषेतच पुढे कापली तर वर दुमडताना ती जास्त भरते, चुण्या पडतात. म्हणून तेवढी पट्टी उलट, आत निमुळती कापायची. उंची उंच टाचांचे बूट घालूनच मोजायची, मागे अर्धा इंच जास्त. ती मागची कड जमिनीला घासून विरे, म्हणून तिथे पितळी चेनची एक बाजू शिवत. सायकलची चेन ती वेगळी; तिने खाल्लेल्या मोहरीला इलाज नव्हता.

शर्टाची कॉलर टोकाला चार इंच. आतलं ताठ अस्तर, म्हणजे बकरम, आधी भिजवून वाळवलं नाही तर पहिल्याच धुण्यात फुगे. वरचं कापड खालच्यापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठं हवं, नाहीतर टोकं वर वळतात.

टेरिकॉटवर गरम इस्त्री थेट फिरवली तर चकाकी येते. ओलं फडकं हवंच. आणि घडी चुकीच्या जागी बसली की पुन्हा जात नाही. फोटोत डावीकडून दुसऱ्याच्या पायावर दोन घड्या दिसतील, त्या तशाच राहिलेल्या.